दावा करायचा की नाही?



आपल्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या एका कुटुंबावर गेल्या वर्षी मार्चमध्ये जे कोसळले ते बहुतेकांना ठाऊक आहे. दुसरी पाळी संपवून घरी येणारा कर्ता पुरुष, समोरून चुकीच्या बाजूने आलेली गाडी, आणि ती चालवणारा दारूने झिंगलेला. मागे पत्नी आणि दोन शाळकरी मुले. जेवणाचे डबे पोचवण्याची पाळी आपण सर्वांनी लावून घेतली होती. तेरावा झाला, माणसे पांगली, आणि मग विमा कंपनीचा माणूस कागद घेऊन दारात आला. वहिनींनी तो फ्रिजवर ठेवून दिला. आम्हाला म्हणाल्या, "त्यांच्या जिवाचे पैसे मोजून घ्यायचे? मला नाही जमायचे." आपल्यातल्या दोन ज्येष्ठांनीही यावर मान डोलावली. आम्हाला ते पटलेले नाही. वहिनींना विचारूनच हे लिहीत आहोत.

पुष्कळांचा समज असा, की फौजदारी खटला चालू आहे, मग वेगळा दावा कशाला? फौजदारी खटला सरकारचा असतो. अशा मृत्यूसाठी आपल्या राज्यात ५ ते १० वर्षांची कैद होऊ शकते. ती व्हावीच, पण त्या कैदेने घराचा हप्ता फिटत नाही. दिवाणी दावा घरच्यांचा. त्यात "वाजवी शंकेपलीकडे" सिद्ध करावे लागत नाही, दोष असण्याची शक्यता नसण्याहून जास्त आहे एवढे पटवले की पुरते. ओ. जे. सिम्प्सनचा खटला आपण सर्वांनी टीव्हीसमोर बसून पाहिला. १९९५ साली फौजदारीत तो सुटला, आणि १९९७ साली दिवाणी ज्यूरीने त्यालाच जबाबदार धरून ३ कोटी ३५ लाख डॉलर्स द्यायला लावले.

आता "माणसाची किंमत करणे" याविषयी. न्यायालय मोजते ते त्या माणसाच्या जाण्याने घरच्यांचे जे बुडाले ते. पगार तर आहेच. पण मुलांचे गणित कोण घेत होते, बर्फ कोण उपसत होते, कॉलेज निवडताना सल्ला कोणी दिला असता, हेही त्यात येते. १९८० साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हायस्कूलमधल्या एका मुलीच्या अपघाती मृत्यूचे प्रकरण आले. खालच्या ज्यूरीने आईवडिलांना एक पैसाही दिला नव्हता. मुलगी कमावती कुठे होती! न्यायाधीशांनी ते खोडून काढले. शोकाचे पैसे होत नाहीत, पण आईवडील थकल्यावर त्या मुलीची सोबत आणि सल्ला मिळाला असता, त्याचे मोल ज्यूरीने धरावे, असे ते म्हणाले. म्हातारपणची काठी आपण म्हणतो, ती हीच. ती मोडणाऱ्याकडून मागणे यात लाज कसली?

मात्र मुदत आहे: अशा दाव्याला सर्वसाधारणपणे मृत्यूपासून २ वर्षे. मृत्युपत्र नसेल (आपल्यापैकी किती जणांनी केले आहे?) तर आधी काउंटीच्या सरोगेट कचेरीतून दावा चालवणारा प्रतिनिधी नेमून घ्यावा लागतो. वकील बहुधा मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा घेतात, हरल्यास फी नाही. खर्चाचे मात्र आधी विचारून घ्यावे. आणि विमा कंपनीच्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. त्या सहीने बहुतेक वेळा पुढचे सगळे हक्क सुटतात.

पैसे येणार कुठून, हाही प्रश्न आहेच. मोटार विम्याची आपल्या राज्यातली किमान मर्यादा, एका माणसामागे, कित्येक वर्षे अवघी १५ हजार डॉलर्स होती. २०२३ पासून २५ हजार आणि २०२६ पासून ३५ हजार झाली. एवढ्यात दोन मुले वाढतात का? म्हणून आपल्या स्वतःच्या पॉलिसीत, समोरच्याचा विमा अपुरा पडला तर मिळणारी रक्कम किती आहे, ते आजच काढून पाहा. दारू पिऊन जीव घेणाऱ्याला दिवाळे काढून या देण्यातून सुटता येत नाही, हे एक बरे आहे. आणि ज्या बारने डोळ्यांदेखत झिंगलेल्याला आणखी पाजली, त्यालाही दाव्यात ओढता येते. पण बिले आणि कॅमेऱ्यातली चित्रे फार दिवस टिकत नाहीत.

बारवरून आठवले. याच न्यायालयाने १९८४ साली ठरवले, की घरी बोलावून पाहुण्याला भरपूर पाजली, आता तो गाडी चालवणार आहे हे दिसत असूनही जाऊ दिले, आणि त्याने वाटेत कोणाला धडक दिली, तर यजमानही भरपाईला जबाबदार. पुढे कायद्याने याला काही मर्यादा घातल्या, पण जबाबदारी उरली आहे. आपल्या कोजागिरीला मसाला दुधाच्या पातेल्याशेजारी काय असते ते आम्ही लिहायला नको. "अहो, एक शेवटचा!" म्हणून आग्रह करणारे हात आमचेही आहेत. यंदा आम्ही आल्या आल्या किल्ल्या एका परडीत गोळा करणार आहोत. कोणी रागावले तर रागावो.

वहिनींची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. कागद अजून फ्रिजवरच आहे, सही केलेली नाही. त्या "हो" म्हणालेल्या नाहीत, "बघू" म्हणाल्या आहेत. मंगळवारी आमच्यापैकी दोघे त्यांना सरोगेट कचेरीत घेऊन जाणार आहोत. त्या दुपारी मुलांना शाळेतून आणायला कोणी मोकळे असेल तर आम्हाला फोन करावा.