धन्याचें काय आणि सारथ्याचें काय?

वऱ्हाडांतील शंकरपट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. एका मालकाची जोडी हाकणारा धुरकरी पुढील सालीं दुसऱ्याच्या जोडीवर बसला, तर बैल हाकण्याची त्याची हातोटी मागें ठेवून ये, असें त्यास कोणी म्हणत नाहीं. मोटारींच्या शर्यतींत मात्र वाद पडतो. संघ बदलणारा चालक जुन्या संघाचें कोणतें ज्ञान बरोबर नेतो, आणि त्यानें तें न्यावें काय?

मुंबईचे श्री. जेहान दारूवाला यांचेंच पाहा. फॉर्म्युला टू ह्या शर्यतमालेंत ते २०२० व २०२१ सालीं कार्लिन संघांत होते, २०२२ सालीं प्रेमा संघांत गेले. तेथें सर्वांच्या गाड्या एकाच साच्याच्या. सांगाडा दल्लाराचा, इंजिन मेकाक्रोमचें, टायर पिरेलीचे. मग भेद उरतो तो जुळणीचा. पंख किती कलता ठेवावा, गाडी जमिनीपासून किती उंच असावी, ब्रेकचा जोर पुढील चाकांवर किती व मागील चाकांवर किती, हे आकडे अभियंत्यांच्या दप्तरीं असतात. चालकाजवळ असतें तें निराळें. टायर किती फेऱ्यांनीं थकतो, गाडीची मागील बाजू कोणत्या वळणावर निसटूं पाहते, आणि तें अभियंत्यास नेमक्या कोणत्या शब्दांत सांगावें, हें सारें त्याच्या अंगीं मुरलेलें असतें. २०२० सालीं कार्लिनच्या गाडींतून साखीर येथें आणि २०२२ सालीं प्रेमाच्या गाडींतून मोंझा येथें जिंकणारा हात एकच होता. त्यावर जुन्या संघानें हक्क सांगणें आम्हांस हास्यास्पद वाटतें.

कागदांची गोष्ट वेगळी. २००७ सालीं फेरारीचे ७८० पृष्ठांचे गुप्त कागद मॅक्लॅरनच्या मुख्य आरेखकाच्या घरीं सांपडले. मॅक्लॅरनला दहा कोटि डॉलर दंड झाला व संघाचे त्या सालचे गुणही गेले. फेरारीच्या गाडीचा भार पुढें-मागें कसा विभागला आहे, असें मॅक्लॅरनच्या एका चालकानें त्या आरेखकास ई-मेलनें विचारलें होतें. पण पुरावा दिल्यामुळें चालकांस शिक्षा झाली नाहीं. आमच्या मतें हा फारच उदारपणा झाला. दुसऱ्याच्या गाडीचा असा आकडा विचारणाऱ्यास तो कोठून येणार, हें उमगलें नसेल काय?

पण आकडा कागदावर नसून चालकास मुखोद्गत असेल तर? त्यानें स्वतः गाडी हाकून जें ओळखलें तें त्याचें. विश्वासानें जें सांगितलें गेलें तें, पाठ असलें तरी, संघाचें. ही रेषा नेहमींच स्वच्छ दिसत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. शिवाय अशा आकड्याचें मोलही अल्पायुषी असतें. फॉर्म्युला वनमध्यें तर गाडी दर सालीं नवी घडते, आणि जुन्या पंखाचा कोन तिला बहुधा लागूच पडत नाहीं.