भाजी धुवाल, माती कोण धुणार?

तेल सांडलेल्या जमिनीतली भाजी खाऊ नका, असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. ज्याचे शेतच तेलात बुडाले त्याने खायचे काय, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

नायजेरियातल्या ओगोनी लोकांच्या प्रदेशात १९५८ मध्ये तेल सापडले. शेल कंपनीच्या पाइपलाइन शेतांतून गेल्या. आंदोलनामुळे १९९३ मध्ये कंपनीने तिथले उत्पादन थांबवले, पण पाइप राहिले आणि गळतीही राहिली. आवाज उठवणारे लेखक केन सारो-विवा आणि त्यांचे आठ साथी यांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने फासावर दिले. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने सांगितले की काही ठिकाणी तेल पाच मीटर खोल मुरले आहे, आणि एका वस्तीच्या विहिरींत बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त आहे. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो!

मातीत तेल मुरले की कसाव्याचा कंद खाण्यालायक राहत नाही. जळत्या वायूची काजळी पालेभाजीच्या पानांवर बसते. तिच्यात कर्करोग करणारी रसायने असतात. काजळी धुता येते, पण शिसे-कॅडमियमसारखे धातू मुळांतून पानात चढले की ते ना धुण्याने जातात ना शिजवण्याने. एका जेवणाने कोणी मरत नाही, वर्षानुवर्षे साचते. म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर कंपनीचे नाव कधीच येत नाही.

आणि दोष कुणाला? पिकवणाऱ्या बाईला! बांधवांनो, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांनी पाण्याला हात लावला, तर तळे ‘बाटले’ म्हणून शेणगोमूत्राने शुद्ध केले गेले. खरी घाण करणाऱ्याला मात्र विटाळ लागत नाही. मुंबईत रुळांलगतच्या पालकाला नाके मुरडणारेही भाजीवाल्यालाच बोलतात. त्या नाल्यात सांडपाणी कोण सोडते, हे विचारत नाहीत.

बोडोच्या लोकांनी ते विचारले. २००८ च्या गळतींबद्दल त्यांनी लंडनमध्ये दावा लावला, आणि २०१५ मध्ये शेलला साडेपाच कोटी पौंड मान्य करावे लागले. आपल्या वस्तीशेजारी डेपो, रिफायनरी, नाला असेल तर माती तपासून अहवाल मराठीत द्या, असा लेखी अर्ज करा. जमीन स्वच्छ होईपर्यंत धान्य आणि पाणी घाण करणाऱ्याच्या खर्चाने मागा.