देव सोपे, धर्म अवघड

मेल एका वाचकाचा आहे. गाव पुसद, नोकरी पुण्यात, आणि शनिवारची रात्र लॅपटॉपवर. सहा जणांचा ग्रुप, सगळे यवतमाळ जिल्ह्यातले. कुणी वणीचा, कुणी दारव्ह्याची, कुणी उमरखेडचा. ऑफिसची शहरं वेगवेगळी, पण शनिवारी दहाच्या ठोक्याला सगळे ऑनलाइन. खेळ असतो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', आणि हा पठ्ठ्या त्यांचा गेम मास्टर. मेलचा मतलब असा : 'जग तयार आहे. दोन नद्या, मधे काळी जमीन, कडेला सागाचं जंगल. राजे झाले, राक्षस झाले. धर्मासाठी सतरा देव बनवले, प्रत्येकाला शस्त्र, वाहन, आवडता रंग दिला. पण खेळणारे त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. काय करू?'

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये तो बाजारात आणला. गेम मास्टर एक काल्पनिक जग सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. 'स्ट्रेंजर थिंग्ज' (२०१६) बघून किंवा 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) खेळून आपल्याकडेही बरेच जण या नादाला लागलेत. व्यसन सॉल्लिड आहे, स्वस्त आहे आणि सोमवारी डोकं दुखत नाही.

आता मुद्द्याचं. देवांची यादी करणं हा या खेळाचा जुनाच आजार आहे. १९८० मध्ये कंपनीने 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' नावाचं पुस्तक काढलं. त्यात जगभरच्या देवतांचे तक्ते होते. आपले इंद्र आणि अग्नीसुद्धा होते, प्रत्येकाचे हिट पॉइंट्स मोजून दिलेले! म्हणजे देव काय, तर मोठ्ठा राक्षस. वाचायला धमाल येते, पण त्या तक्त्यावरून एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही : या देवाला मानणारी बाई सकाळी उठून काय करते?

बॉस, धर्म तिथे सुरू होतो. देव एका संध्याकाळी बनतात. संघटित धर्म म्हणजे माणसांची व्यवस्था. शब्द कोण जपणार, कुठल्या भाषेत, जागा कुठल्या, नियम काय आणि भांडण झालं तर निवाडा कुणाचा? बहुतेक गेम मास्टर इथे युरोपातून कॉपी-पेस्ट करतात. एक पोपसारखा म्हातारा, एक घंटेचा मनोरा, काळ्या झग्यातले चार कपटी पाद्री. काळ्या मातीच्या देशात हे कशाला? अभ्यासाला खरं उदाहरण शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. रिद्धपूर, महानुभाव पंथाचं श्रद्धास्थान. आणि या पंथाच्या साहित्याची ओळख करून देणारं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे पुस्तक १९२५ मध्ये लिहिलं कुणी? यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी. म्हणजे अभ्यासक्रम घरचाच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा पंथ आजही जिवंत आहे, लोक तो श्रद्धेने पाळतात. त्यामुळे नावं, देव, व्यक्ती उचलून खेळात टाकायच्या नाहीत. शिकायचं ते इतकंच, की पंथ उभा कसा राहतो.

पहिला धडा, शब्द जपण्याचा. तेराव्या शतकात श्रीचक्रधर स्वामी महाराष्ट्रभर फिरले, लोकांशी बोलले. ते गेल्यावर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी, म्हणजे लीळा, गोळा करायला घेतल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठून विचारायचं, लिहायचं, पडताळायचं. त्यातून १२७८च्या सुमारास 'लीळाचरित्र' तयार झालं, मराठीतला आद्य गद्यग्रंथ. आणि गंमत बघा, एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला असेल तर वेगळेपणाचीही नोंद आहे. पुढे मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि अनेकांनी आठवणीतून ती पुन्हा रचली, असं परंपरा सांगते.

गेम मास्टरसाठी ही लॉटरीच. सतरा देव डिलीट करा. त्याऐवजी एकच बाई ठेवा, जिने दुष्काळात विहिरी कुठे खणायच्या ते दाखवलं. तिला विहीरमाय म्हणू. ती आता नाही. एक शिष्य सांगतो, ती म्हणाली, 'पाणी विकू नका.' दुसरा सांगतो, ती म्हणाली, 'दुष्काळात पाणी विकू नका.' फरक एका शब्दाचा. पण शंभर वर्षांनी त्या एका शब्दावर अर्धे मठ श्रीमंत आहेत आणि अर्धे कंगाल. एकही राक्षस न आणता तुमच्याकडे दोन पक्ष तयार झाले. प्रत्यक्षातही महानुभावांत पुढे तेरा आम्नाय, म्हणजे शाखा, झाल्याच.

दुसरा धडा जागांचा. स्वामी जिथे थांबले, बसले, जेवले, त्या जागा पंथाने लक्षात ठेवल्या. तिथे ओटे बांधले, वंदन सुरू झालं आणि 'स्थानपोथी' नावाच्या ग्रंथात जागांची वर्णनं लिहून ठेवली. विचार करा, हा धर्माने केलेला नकाशाच आहे. तुमच्या नकाशातही देवळांची चित्रं चिकटवू नका. विहीरमाय कुठे थांबली, कुठे तिला गावाने हाकललं, कुठे पाणी लागलंच नाही, ते ठरवा. पाणी न लागलेल्या कोरड्या विहिरीवरही ओटा हवा. तिथे कोण जात असेल, हा विचार केलात की पुढच्या शनिवारची गोष्ट आपोआप सापडेल.

तिसरा धडा नियमांचा. चक्रधरांनी अनुयायांना महाराष्ट्रात राहायला सांगितलं, कानडी आणि तेलंग मुलखात जाऊ नका म्हटलं. पण काही शतकांत पंथ पंजाबात पोचला, तिथे 'जयकृष्णी' नावाने रुजला. नियम आणि विस्तार यांची अशी ओढाताण प्रत्येक संघटनेत असते. तुमच्या कंपनीच्या एचआर पॉलिसीतसुद्धा! म्हणून खेळातल्या धर्माला एक असा नियम द्या जो पाळणं खरंच कठीण आहे, आणि तो मोडणारी माणसं वाईट नसू देत.

चौथा धडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो भाषेचा आहे. केशिराजबास हे पंथातले मोठे विद्वान. संस्कृतात लिहिण्याकडे त्यांचा ओढा. 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात आठवण आहे, की नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. कारण काय दिलं? असं लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. बस्स. पंथातल्या साध्या बायकांना कळणार नाही, एवढ्या कारणासाठी एका विद्वानाची लेखणी मराठीकडे वळली. या पंथात बायका नुसत्या ऐकणाऱ्या नव्हत्या. महदंबा स्वामींना प्रश्नांवर प्रश्न विचारायची, आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून आज आपण तिचंच नाव घेतो.

आता दुसरी बाजू. पुढच्या काळात याच पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. त्यातली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. फंडा सिंपल, एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण बाहेरच्यांना आत काय आहे ते कळेना, आणि कळेना म्हणून गैरसमज आणि अफवा वाढल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी लिपीचं कोडं सोडवलं, आणि मग अभ्यासकांसाठी हा खजिना उघडला. जो पंथ म्हाताऱ्यांना कळावं म्हणून मराठीत बोलला, त्याचेच ग्रंथ कित्येक शतकं बाहेरच्या मराठी माणसाला वाचता येत नव्हते. इथे कुणी खलनायक नाही. जीव आणि पोथी वाचवायची तर कुलूप लावावं लागतं, आणि कुलूप लावलं की कुणीतरी बाहेर राहतं.

हेच खेळात आणा. दुष्काळाचं तिसरं वर्ष. मठाच्या विहिरीला पाणी आहे, गावात नाही. मठाधिपती पोथी उघडून सांगतो, 'विकायला परवानगी आहे.' पोथी गुप्त लिपीत. गावातल्या एका म्हातारीला विहीरमायचं वाक्य पाठ आहे, आजीकडून ऐकलेलं, आणि ते वेगळं आहे. तिला लिपी येत नाही. खेळणाऱ्यांपैकी एकीचं पात्र मठातलंच, 'क्लेरिक'. तिला लिपी येते, पण ती बाहेर फोडणार नाही अशी शपथ तिने घेतलीये. तिने पोथी वाचली आणि तिथे म्हातारीचंच वाक्य निघालं. आता बोलायचं की गप्प बसायचं? इथे वीस बाजूंचा फासा काही कामाचा नाही. मला सांगा, सतरा देवांच्या शस्त्रांची नावं कुणाला आठवतील?

राहता राहिला प्रवेशाचा प्रश्न. धर्मात माणूस येतो तेव्हा काहीतरी मागे सोडून येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. सोबत २२ प्रतिज्ञा होत्या. त्यातल्या कितीतरी प्रतिज्ञा 'मी हे करणार नाही' अशा आहेत. घरी परतणाऱ्या माणसाला उद्या सकाळपासून काय बदलायचं ते स्पष्ट माहीत होतं. आपल्या आजी-आजोबांकडून त्या दिवसाची गोष्ट ऐकलेले वाचक विदर्भात खूप सापडतील. खेळ हा खेळच, त्याची त्या दिवसाशी बरोबरी नाही. पण एखादं पात्र विहीरमायचा पंथ स्वीकारणार असेल, तर ते काय सोडणार हे खेळणाऱ्याला विचाराच. उत्तर 'काहीच नाही' असेल, तर तो धर्म नाही, टी-शर्ट आहे.

तेव्हा पुसदकर, येत्या शनिवारपर्यंत एवढाच होमवर्क. अर्ध्या पानावर लिहा : कोण गेलं, त्याचे शब्द कुणाला आठवतात, कुठल्या दोन आठवणी जुळत नाहीत, कुठला नियम जड जातो. आणि पानाच्या तळाशी, लक्षात ठेवून, त्या म्हातारीला एक नाव द्या. गेम मास्टर लोक राजांना तीन-तीन नावं देतात आणि हिला 'गावातली बाई' म्हणून सोडून देतात.