महं नाव कुठंय?

मैत्रिणींनो,

या वेळचं संपादकीय तळटिपा आणि संदर्भसूची यांविषयी आहे. हा विषय प्राध्यापकांचा, आपला काय संबंध, असं वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. सेनगावला एका बाईंनी माझा हा समज मोडला.

गेल्या उन्हाळ्यात तिथल्या बचत गटांच्या बैठकीला गेले होते. उठता उठता एका बाईंनी पिशवीतून झेरॉक्स केलेले कागद काढले. दोन वर्षांपूर्वी हळदीच्या शेतीवर अभ्यास करणारी एक मुलगी चार दिवस त्यांच्याकडे येऊन बसली होती. बेण्यासाठी गड्डे कसे निवडायचे, कढईतली हळद शिजली हे काडी टोचून कसं ओळखायचं, वाळवताना काय जपायचं, हे सारं बाईंनी तिला सांगितलं. पुढे तिचा निबंध छापून आला. नातीनं तो आजीला वाचून दाखवला.

"समदं मी सांगितलेलंच हाय," बाई म्हणाल्या, "पण ह्यात महं नाव कुठंय, ताई?"

मी कागद चाळले. शेवटी दोन पानं भरून संदर्भसूची होती. प्रत्येक पुस्तकाचा लेखक, प्रकाशक, गाव, साल, सगळं नीट, स्वल्पविरामासकट. बाईंचं सांगणं मात्र 'स्थानिक महिलांच्या मते' या तीन शब्दांत आटोपलेलं, आणि एका तक्त्यात त्या 'प्रतिसादक क्र. 14' होत्या.

त्या मुलीला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. तिला जसं शिकवलं तसं तिनं लिहिलं. समाजशास्त्रांत आज सर्रास वापरली जाणारी 'एपीए' पद्धत घ्या. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची ही पद्धत 1929पासून चालत आली आहे. तिच्यात लेखकाचं आडनाव पूर्ण येतं, पहिलं नाव फक्त आद्याक्षरानं. म्हणजे लिहिणारी बाई आहे की बुवा, हे यादीवरून कळतच नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचं आधीचं आणि नंतरचं लेखन दोन वेगळ्या व्यक्तींच्या नावे जमा होतं. आणि कुणी तोंडी सांगितलेली, कुठे नोंद नसलेली गोष्ट असेल, तर तो 'व्यक्तिगत संवाद'. त्याचा उल्लेख मजकुरात करायचा, यादीत नाही. कारण काय, तर वाचकाला ते सांगणं शोधून पडताळता येत नाही.

कारण अगदीच खोटं नाही. संदर्भ द्यायचा तो पडताळणीसाठीच. पण परिणाम पाहा. छापलेलं तेवढं ज्ञान, सांगितलेली ती नुसती माहिती. आणि आपल्या आयाआज्यांनी छापलं किती? त्यांनी सांगितलं, गायलं, करून दाखवलं.

नाव राहावं ही ओढ मात्र जुनी आहे. गंगाखेडची जनाबाई अभंगाच्या शेवटी आपलं नाव गुंफत असे. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे परंपरेनं नामदेवांचं जन्मगाव. त्यांच्या गाथेत जनाबाईचे अभंग एकत्र आले, तरी ते तिचे म्हणून ओळखता येतात ते या नाममुद्रेमुळे. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 साली निघालं. 1885मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं, तेव्हा आपल्या हाती आलं. कुणी नाव घेतलं तर बाई उरते, नाही घेतलं तर बुडते.

नाव घेता येतं, हेही आपल्याकडच्यांनीच दाखवून दिलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावानिशी. 'पारंपरिक लोकगीत' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989च्या 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून त्यांची नावं, त्यांचं बोलणं पुस्तकात आणलं. परदेशातही हा प्रश्न विचारला जातो आहे. कॅनडातल्या क्री समाजाच्या ग्रंथपाल लोरिसिया मॅक्लाउड यांनी 2021 साली आदिवासी जाणत्यांच्या तोंडी ज्ञानाची नोंद संदर्भसूचीत, पुस्तकांच्या बरोबरीनं कशी करायची, याचे नमुनेच तयार करून दिले.

आता उलटी बाजू. नाव झाकणं हा प्रत्येक वेळी अन्याय नसतो. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलणारीचं नाव छापलं तर रात्री तिलाच त्या घरात झोपायचं असतं. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख छापणं 1983पासून गुन्हा आहे. आज भारतीय न्याय संहितेचं कलम 72 तेच सांगतं. तेव्हा सरसकट नाव द्या असं मी म्हणत नाही. मी म्हणते, विचारा. लपवायचं की लावायचं हे तिनं ठरवायचं, आपण नाही. हळद कशी शिजवावी हे सांगणारीला कुणापासून लपवायचं होतं?

आणि आपलं काय? अंकाचे जुने गठ्ठे काढून बसले. 'एक कार्यकर्ती', 'खेड्यातली एक भगिनी', 'शिबिरात ऐकलेलं गाणं'. संकलन करणारीचं नाव ठळक, गाणारीचं नाहीच. किती जणींना आपण विचारलं होतं? मला एकही आठवली नाही.

म्हणून या अंकापासून एक शिस्त लावून घेऊ या. मुलाखत घ्याल, गाणं उतरवाल, अनुभव लिहून घ्याल, तेव्हा पाच गोष्टी टिपा: ती सांगेल तसं तिचं पूर्ण नाव, गाव, तारीख, कुणी विचारलं, आणि ध्वनिमुद्रण किंवा वही कुठे ठेवली आहे. शेवटची गोष्ट विसरू नका. पडताळणीचं उत्तर तीच आहे. मग लिहिलेलं तिला वाचून दाखवा, नावाबद्दल विचारा, आणि हो म्हणाली तर यादीत पुस्तकांच्या शेजारी तिची ओळ घाला. नाही म्हणाली तर 'नाव तिच्या इच्छेनुसार दिलेलं नाही' एवढं लिहा. त्यातही तिचा शब्द राहतो.

सेनगावच्या बाईंनाही मी विचारलं, तुमचं नाव या अंकात छापू का? त्यांनी कागदांची घडी घातली, पिशवीत ठेवली. म्हणाल्या, "तुमच्यात नको. तिच्यात पायजे."

म्हणून इथे त्यांचं नाव नाही. आणि हळदीवर लिहिणाऱ्या मुली, तू हे वाचत असशील, तर एवढंच कर. पुढच्या लेखात एक ओळ वाढव. आणि तो कागद घेऊन एकदा सेनगावला जा. बाई वाट पाहताहेत.

तुमची,
संपादक