डावखुऱ्या मुलाची गिटार



ठाणे जिल्ह्यातून एका भगिनीचे दोन पानी पत्र आले आहे. मजकूर थोडक्यात असा : थोरला मुलगा तेवीस वर्षांचा. दिवसा कुरिअरच्या गोदामात काम करतो, रात्री गायन पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. तो डावखुरा आहे. आहे ती गिटार उजव्या हाताची, म्हणून ती उलटी धरून वाजवतो. आता त्याला आपल्या हाताची, आपल्या मापाची गिटार कारागिराकडून घडवून घ्यायची आहे. कारागिराने ९५ हजार रुपये सांगितले, निम्मे आगाऊ. घरात पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे ६० हजार आहेत, पण ते धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी राखलेले. मुलाचे वडील म्हणतात, दुकानात वीस हजारांना मिळते ती घे आणि गप्प बस. "ताई, मुलाचे मन मोडू की मुलीचे?" असे बाई विचारतात.

आधी मुलाची बाजू. हा नुसता शौक आहे, असे समजू नका. उजव्या हाताची गिटार उलटी धरली की आवाजाची बटणे वर येतात आणि कोपराखाली दबतात. वायर खोचायची जागा भलतीकडे जाते. वरचे सूर गाठायला लाकडात जी खाच ठेवलेली असते ती वरच्या बाजूला जाते, आणि बोटांना तिथे पोचताना अडचण होते. शिवाय मानेच्या टोकाला जी छोटी पट्टी असते, तिच्यातल्या चिरा जाड तारेला रुंद आणि बारीक तारेला अरुंद अशा कापलेल्या असतात. तारांचा क्रम बदलला तर जाड तार चिरेत बसत नाही आणि बारीक तार चिरेत हलते. रात्रभर असे वाजवून मनगट दुखत असेल तर त्यात नवल नाही.

म्हणून वडिलांचा सल्ला मला पटत नाही. वीस हजारांची आणखी एक उजव्या हाताची गिटार आणली तर तीही उलटीच धरावी लागणार. त्यात वीस हजार वाचत नाहीत, वीस हजार जातात.

पण ९५ हजारांत नेमके काय मिळते, हेही पाहिले पाहिजे. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे पोकळ पेटी नव्हे. तारेखाली लोहचुंबक असतात, त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत विजेचा अगदी क्षीण प्रवाह उठतो आणि तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मोठा होतो. (आपल्या बँडमधला विजेवरचा बेंजोही याच तत्त्वावर वाजतो. तो मूळचा जपानी, १९१२ साली नागोया शहरात जन्मलेला. असो.) सांगायचे असे की ऐकणाऱ्यापर्यंत जो आवाज पोचतो त्याचा मोठा वाटा पिकअप, तारा, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचा असतो. मैदानावरच्या कार्यक्रमात तर मिक्सरवर बसलेल्या माणसाचाही. लाकडाचा देखणेपणा, शिंपल्याची नक्षी, चकाकी यांचे पैसे डोळ्यांसाठी असतात. कारागिराकडे जो खरा लाभ आहे तो हाताला : मानेची जाडी, रुंदी, वजन, बटणांची जागा.

मंडपातली गुणगुण हा वेगळा विषय आहे. दिव्यांच्या माळा आणि जनरेटर जवळ असले की एकेरी पिकअप हमखास गुणगुणतो. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ साली तोड काढली. दोन गुंडाळ्या अशा उलटसुलट जोडल्या की त्यांची गुणगुण एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज तेवढा राहतो. याला हंबकर म्हणतात. तुमच्या मुलाची तक्रार ही गुणगुण असेल, तर तेवढा पिकअप बदलून घेता येतो. त्यासाठी नवी गिटार नको.

आता एका माणसाची हकिकत सांगते, ती मुलाला अवश्य वाचून दाखवा. अल्बर्ट किंग हा अमेरिकेतला काळा गायक-वादक, १९२३ साली मिसिसिपी राज्यात जन्मला. लहानपणी कापूस वेचला, पुढे बुलडोझर चालवला. पहिली गिटार त्याने सिगारच्या खोक्याची स्वतःच केली. तोही डावखुरा. डाव्या हाताची गिटार त्याला कोण देणार? त्याने उजव्या हाताचीच उलटी धरली आणि ताराही बदलल्या नाहीत. जाड तार खाली, बारीक तार वर. इतर वादक तार वर ढकलून सूर ताणतात, तो तीच खाली ओढून ताणू लागला आणि त्या ओढण्याचा बाज पुढे त्याची ओळख ठरला. त्याने गिटार निवडली तीही विचार करून. गिब्सनची इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची गिटार, जी दोन्ही बाजूंनी सारखीच असते. त्यामुळे उलटी धरली तरी लाकूड हाताला आडवे येत नाही. तिला तो 'ल्यूसी' म्हणे. १९६७ साली निघालेली त्याची सर्वांत गाजलेली रेकॉर्ड याच कारखान्यातल्या, उजव्या हाताच्या गिटारीवर वाजवलेली आहे. खास त्याच्यासाठी गिटार घडली ती १९७२ साली, डॅन अर्लवाइन या कारागिराच्या हातून, सव्वाशे वर्षे जुन्या अक्रोडाच्या लाकडाची. तेव्हा अल्बर्ट किंगची पन्नाशी जवळ आली होती. तारांचा उलटा क्रम मात्र त्याने तेव्हाही सोडला नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्राखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटे नेमकी तीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे लावले, तारा हलक्या घेतल्या. पुढे त्यानेही कारागिरांकडून गिटारी घडवून घेतल्या. अशा हाताला दुकानातली वस्तू पुरत नाही. पण त्यानेही आधी हाताशी होते त्यात भागवले.

आणि घडवून घेणे ही काही श्रीमंतांचीच रीत नव्हे. मिरजेत मूळच्या तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. तिथे तंबोरा घडवताना गाणारा कोण, बाई की पुरुष, पट्टी कोणती, हे आधी विचारतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा मुलाची मागणी वावगी नाही. प्रश्न पैशाचा आणि वेळेचा आहे.

माझे मत स्पष्ट सांगते. आवर्ती ठेवीला हात लावू नका. नर्सिंगच्या प्रवेशाला तारीख असते, ती चुकली की मुलीचे वर्ष जाते. गिटारीला तारीख नाही. मुलगी घरात काही बोलत नसेल, म्हणून तिचे काही म्हणणे नाही असे धरू नका. हे मुलाला बाजूला बसवून शांतपणे सांगा. तो कमावता आहे, त्याला समजेल.

मग त्याने काय करावे? काही मोठ्या कंपन्या डावखुऱ्यांसाठी थोडी मॉडेल काढतात. ती दुकानात टांगलेली क्वचित दिसतात, मागवावी लागतात. किंमत कारागिराच्या मानाने बरीच कमी असते. शिवाय नावाजलेल्या कंपनीची गिटार पुढे विकता येते. आपल्या मापाने घडवलेली, त्यातून डावखुरी गिटार घेणारा दुसरा डावखुरा कुठे शोधणार? एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमांत पार्टीला उसंत नसते. त्या कमाईतला निम्मा वाटा त्याने बाजूला काढला तर अशी गिटार त्याला स्वतःच्या पैशांत घेता येईल.

तरीही पुढे कधी कारागिराकडेच जायचे ठरले, तर त्याने केलेल्या आणि दोन-तीन पावसाळे पाहिलेल्या गिटारी आधी बघाव्यात. आपल्याकडच्या दमट हवेत कच्चे लाकूड वाकते. मानेच्या आत एक पोलादी सळई असते, ती किल्लीने पिळून थोडा बाक काढता येतो, पण पीळ पडलेली मान सळईने सुधारत नाही. निम्मी रक्कम एकदम देऊ नये. लाकूड निवडल्यावर थोडी, मान बसल्यावर थोडी, बाकीची वाजवून पाहिल्यावर. मापे, वजन, मुदत, आणि मान वाकली तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे सगळे कागदावर घ्यावे. कारागीर ओळखीचा असला तरी घ्यावे. ओळखीत तर जास्तच.

आज लगेच करण्यासारखे एक काम आहे. सध्याची गिटार चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावी. ती टोकाची पट्टी डाव्या हाताला जुळेल अशी नवी कापून घ्यावी, तारांची उंची आणि सुरांचा मेळ बसवून घ्यावा. बाराव्या पट्टीवर दाबलेली तार मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात बोलली पाहिजे. तशी बोलत नसेल तर गिटार बेसूर लागते आणि दोष वादकावर येतो. हा खर्च नव्या गिटारीच्या मानाने फारच थोडा आहे.

भगिनी, पत्रात एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. मुलगा गिटार उलटी धरतो, पण तारा बदलून धरतो की अल्बर्ट किंगसारख्या तशाच ठेवून? तशाच ठेवत असेल तर नवी पट्टी कापू नका, आहे ती बरोबर आहे. आणि डाव्या हाताची नवी गिटार त्याला पहिल्या दिवशी परकी वाटेल, कारण तिच्यावरचा तारांचा क्रम त्याच्या बोटांनी कधी पाहिलेलाच नाही. त्याला विचारून मला कळवा.