मालिकावीर झहीरच!

परवा यावलला शेतात भरीत पार्टी झाली. बामणोदची वांगी, कापसाच्या काड्यांचा जाळ, कळण्याची भाकरी, आणि नेहमीप्रमाणे भांडण. या वेळचा विषय चौदा-पंधरा वर्षं जुना होता: २०११च्या विश्वचषकाचा मालिकावीर कोण असायला हवा होता? मी म्हटलं, झहीर खान. मामांनी हातातली बडगी खाली ठेवली. आता मामा हे वाचणार हे मला माहीत आहे (भाचीने त्यांना मोबाइलवर ब्लॉग उघडायला शिकवलंय), म्हणून त्या रात्री आरडाओरड्यात जे राहिलं ते इथे नीट लिहितो.

आधी कबुली. युवराजने ३६२ धावा केल्या, १५ बळी घेतले, चार वेळा सामनावीर झाला. अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध २६१ चा पाठलाग करताना आपण ५ बाद १८७ होतो, तिथून त्याने आणि रैनाने सामना काढला. तेव्हा मीही घरात नाचलो होतो. त्याला बक्षीस दिलं हा काही अन्याय नव्हे. माझं म्हणणं एवढंच, की त्याच्याहून जास्त हक्काचा माणूस त्याच संघात होता.

मामा म्हणतात, धावा अधिक बळी, बेरीज करा. इथेच गफलत आहे. त्या संघात सचिनच्या ४८२, गंभीरच्या ३९३ आणि सेहवागच्या ३८० धावा होत्या. म्हणजे युवराज आपल्याच संघात धावांत चौथा. शिवाय कोहली, धोनी आणि बरेच सामने बाहेर बसलेला रैना. एक गडी पडला तर दुसरा उभा राहील अशी ती फलंदाजी होती.

गोलंदाजीत काय होतं? झहीरचे २१ बळी. त्याच्याखालोखाल आपल्याकडून सगळ्यात जास्त कोणाचे, तर युवराजचेच १५! मामा हे आपल्या बाजूचं म्हणून सांगतात. मला त्यात उलटंच दिसतं. अर्धवेळ फिरकी टाकणारा फलंदाज दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर आपला मुख्य मारा किती पातळ होता ते बघा. प्रवीणकुमार दुखापतीने आधीच बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या श्रीसंतने बांगलादेशविरुद्ध ५ षटकांत ५३ धावा दिल्या. झहीरला काढून तिथे कोणाला ठेवणार होतात, मामा? या प्रश्नावर तुम्ही त्या रात्री वांगं उलटवायला उठलात.

आता सामने बघू. झहीरने नऊच्या नऊ सामन्यांत बळी घेतले. एकदाही पाच नाहीत, पण एकदाही शून्य नाही. आफ्रिदीचेही २१ होते, मात्र त्यातले दहा केनिया आणि कॅनडाविरुद्धचे. युवराजचे पाच आयर्लंडविरुद्ध एका डावात आले. इंग्लंड, बांगलादेश, दक्षिण आफ्रिका या तिघांविरुद्ध त्याला एकही बळी नाही.

बंगळूरचा इंग्लंडचा सामना आठवा. ३३९ हव्या होत्या आणि इंग्लंड २ बाद २८१. आमच्याकडे टीव्ही बंद करायची बोलणी चालली होती. झहीरने लागोपाठच्या दोन चेंडूंवर बेल आणि स्ट्रॉस काढले, पुढच्या षटकात कॉलिंगवूडचा त्रिफळा. सामना बरोबरीत सुटला. सामनावीर कोण? १५८ करणारा स्ट्रॉस. म्हणजे "चार वेळा सामनावीर" हा युवराजचा पुरावा झाला, तरी त्या मोजमापात झहीरचं काम मुळात दिसतच नाही. चेन्नईत वेस्ट इंडीज २ बाद १५४ वरून १८८ मध्ये आटोपली. पहिला टाका झहीरनेच उसवला, डेव्हॉन स्मिथला ८१ वर बाद करून. त्या दिवशीही सामनावीर शतकवाला युवराज. असो.

अंतिम सामना मी माझ्या सोयीचा तेवढाच सांगणार नाही. पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव, ६ धावा, थरंगाचा बळी. पुढच्या पाचांत ५४. शेवटच्या चेंडूवर परेराने षटकार मारला आणि मी पाय आपटत गच्चीवर गेलो. पण २००३ च्या जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यातलं त्याचं पहिलं षटक आठवा. दहा चेंडू, १५ धावा. श्रीरामपूरचा तो पोरगा तिथून वानखेडेवरच्या त्या पाच षटकांपर्यंत आला.

गोलंदाजाला मोठं बक्षीस मिळतच नाही, असं मात्र म्हणता येत नाही. २००७ ला मॅकग्रा, २०१५ ला स्टार्क, २०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात बुमराह. तेव्हा डोळे उघडे होते. २०११ ला धावा दिसल्या की आपण बाकीचं मोजणं सोडून दिलं. यावलच्या टेनिस बॉलच्या सामन्यांतही तेच बघत आलोय. मालिकावीराची सायकल षटकार मारणाऱ्याला, आणि माझा चुलतभाऊ, सलग तीन वर्षं सगळ्यात जास्त बळी घेऊनही, घरी पायी. आता तो केळीच्या कापणीचं काम बघतो. खेळायला चल म्हटलं तर म्हणतो, "बॉल टाकून काय भेटतं भो?"

आणि शेवटची गोष्ट, जी मामांनी भाकरी मोडताना हळूच काढली. "त्याला कॅन्सर होता रे. तशा अंगाने खेळला तो." त्यावर कोणीच बोललं नाही, मीही नाही. मामींच्या उपचाराची दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. केमोच्या दिवसांत मामा मामींना युवराजच्याच गोष्टी सांगायचे, परत आला बघ, खेळतोय बघ. त्यांच्या घरात युवराजचं स्थान काय आहे ते मला कळतं आणि ते कोणी हलवू नये.

पण मामा, बक्षीस २ एप्रिल २०११ ला दिलं. युवराजच्या आजाराचं जगाला कळलं २०१२ च्या सुरुवातीला. त्या रात्री निवड करणाऱ्यांपुढे फक्त खेळ होता, आजार नव्हता. त्याचं धैर्य मोठंच आहे. त्यासाठी त्याला हवा तो मान द्या, मी पहिला उभा राहून टाळ्या वाजवीन. मात्र त्या धैर्याने झहीरचे २१ बळी झाकू नका.

मामींनी तिथेच निकाल दिला होता, "दोघांनाही अर्धं अर्धं द्या आणि जेवा." मला तो मान्य नाही. पुढच्या भरताला वांगी मी आणतो, श्रीसंतचं उत्तर तुम्ही आणा.

(आकड्यांत चू. भू. द्या. घ्या.)