खेळाडू बाहेर गेला म्हणजे गेला?

शहापूर-मुरबाडचा मुलगा खेळासाठी तालुक्याबाहेर निघाला, की त्याच्या जाण्याविरुद्ध एक युक्तिवाद सहज करता येतो. तानसा, भातसा धरणांचं पाणी मुंबईला गेलं, पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर आले; आता पोरंही तशीच जाणार. यामागचं दुखणं खरं आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. जलवाहिनीतून गेलेलं पाणी परत येत नाही. खेळाडू परत येऊ शकतो, आणि तो येतो की नाही हे बरंचसं मागे राहिलेल्यांच्या वागण्यावर ठरतं. क्युबाकडे पाहा. १९३८ च्या फुटबॉल विश्वचषकात रुमानियाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठलेल्या या देशाने परवानगीशिवाय बाहेर गेलेल्यांना राष्ट्रीय संघाची दारं बंद केली. त्याने जाणारे थांबले नाहीत. माइकेल गालिंदो २००५ मध्ये आणि ओस्वाल्दो अलोन्सो २००७ मध्ये, दोघेही अमेरिकेतल्या स्पर्धेला गेलेल्या संघातूनच निसटले. आघाडीचा खेळाडू ओनेल एर्नांदेस मात्र लहानपणीच मोरोनहून जर्मनीला गेला होता. तिथे घडून तो २०१८ मध्ये इंग्लंडच्या नॉर्विच सिटीत पोहोचला आणि पुढच्या वर्षी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने प्रीमियर लीगमधला क्युबन खेळाडूचा पहिला गोल केला. क्युबाने धोरण थोडं सैल केलं आणि मार्च २०२१ मध्ये तो मायदेशाच्या संघातून खेळला.

यावर कोणी म्हणेल, त्याला घडवलं जर्मनीने, क्युबाचं त्यात काय? आक्षेप रास्त आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे, कारण खेळाडू घडण्यासाठी व्यवस्था लागते. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ आहेत, सामन्यांना गर्दी लोटते. तरीही तिथल्या अनिकेत जाधवला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत यावं लागलं, तेव्हा कुठे हा आघाडीचा खेळाडू २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरला. २०१९ मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये त्याने तीन महिने सराव केला. करार झाला नाही, म्हणून ते महिने वाया गेले असं म्हणणं अन्यायाचं आहे. परतल्यावर तो जमशेदपूर आणि हैदराबादकडून देशाच्या अव्वल लीगमध्ये खेळला. कोल्हापूरची ही गत, तर मुरबाडच्या मुलाने एसटीने कल्याण, तिथून लोकलने मुंबई गाठून रोज कूपरेज मैदानावर सराव करावा ही अपेक्षाच क्रूर आहे.

अशी व्यवस्था जवळच उभी करायला आपल्याकडे आश्रमशाळा आहेत. मुलं तिथे राहतात, जेवतात, शिकतात. म्हणजे निवासी प्रबोधिनीचा सगळ्यात खर्चिक भाग तयार आहे. तिथे पूर्णवेळ प्रशिक्षक नेमण्याची मागणी आदिवासी विकास विभागाच्या शहापूर प्रकल्प कार्यालयाकडे लावून धरली पाहिजे. कबड्डी आपली, फुटबॉल कशाला, असं विचारणाऱ्यांनी कबड्डीचाही प्रशिक्षक मागावा. दोन्हीत विरोध नाही. फुटबॉलमध्ये मात्र एक हिशेब जास्तीचा आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या रकमेतले पाच टक्के खेळाडूला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या चार वर्षांचा वाटा एकूण रकमेच्या एक टक्का भरतो. एक कोटीच्या व्यवहारात एक लाख. धरणाच्या पाण्याने पाड्याला असा वाटा कधी दिला नाही. पण तो पूर्ण मिळायला मुलाची नोंदणी बाराव्या वर्षीच संलग्न क्लबात झालेली असावी लागते, आणि असा क्लब काढून फुटबॉल संघटनेशी जोडून घेणं शहापूर-मुरबाडच्या तरुण मंडळांना आजही अशक्य नाही.